भिंत, परवाना आणि कला

भिंतीवरील चित्रलेखनाला कायद्याने कला म्हणून मान्यता द्यावी काय, या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. भिंत कोणाची, हा एक प्रश्न. चित्र कसे आहे, हा दुसरा. पहिल्याचा निवाडा कायद्याने करावा. दुसऱ्याचा अधिकार त्याला नाही.

हा भेद वऱ्हाडातील रिद्धपूर उत्तम रीतीने शिकविते. येथे वाकाटक राजमाता प्रभावतीगुप्तेचे पाचव्या शतकातील ताम्रपट सापडले. राजसत्तेचे संपूर्ण बळ लाभलेले ते दानपत्र इतिहासाला अमोल आहे. पण त्याला साहित्य म्हणून कोणी हाती घेत नाही. याच गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी जाणत्यांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यामागे कोणत्याही राजाची सनद नव्हती; मराठी गद्याचा पाया मात्र त्यानेच घातला. सनद हक्क देते, गुण देत नाही.

मग सनदेविना केलेले सारेच लेखन क्षम्य मानावे काय? अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी प्राचीन चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. उलट रोममधील संत सेबास्टियन यांच्या भूमिगत दफनभूमीत तिसऱ्या शतकातील भाविकांनी संत पेत्र व संत पौल यांना केलेली आर्जवे गिलाव्यावर कोरलेली आहेत. ओरखडे दोन्हीकडे आहेत. परंतु त्या आर्जवांना अर्थ येतो तो त्या जागेमुळे; स्मिथचे नाव कोठेही कोरले असते तरी तेवढेच पोकळ राहिले असते. भित्तिलेखनाची खरी कसोटी हीच : त्या भिंतीशी त्याचे काही नाते आहे काय?

मुंबईत वांद्र्याच्या चॅपल रोडवर, जुन्या ख्रिस्ती घरांच्या अरुंद गल्लीत, रणजित दहिया यांनी २०१२ मध्ये ‘अनारकली’ चित्रपटाचे चित्र रंगविले. हाताने रंगविलेल्या चित्रफलकांची कला फ्लेक्सने जवळजवळ संपविली होती. मुंबईच्याच भिंतीवर ती परत आली, म्हणून ते चित्र उपरे वाटत नाही. याउलट, मोठ्या शहरांत सुशोभीकरणाच्या नावाखाली रंगविलेली कित्येक फुले-पाखरे रीतसर परवानगीची असूनही निर्जीव असतात.

महाराष्ट्राचा १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगतो. परक्याच्या घराचे रक्षण व्हावे, हे न्याय्यच आहे. मात्र घरमालकाची लेखी संमती असल्यास चित्रकाराला गुन्हेगार ठरवू नये. नगरपालिकांनी काही भिंती मोकळ्या ठेवाव्यात आणि तेथे विषयांची पूर्वतपासणी करू नये. अन्यथा त्या भिंतींवर केवळ घोषवाक्येच उरतील. प्राचीन वास्तूंना मात्र कोणीही हात लावू नये.

एवढे झाले म्हणजे कायद्याचे काम संपले. रसिकाचे काम तेथून सुरू होते. परवाना आहे म्हणून त्याने वाहवा करू नये, आणि परवाना नाही म्हणून डोळे मिटू नयेत.