चापावर टेकलेले बोट

कायदा वाचायचा तो अंगावर आल्यावर, अशी आपली रीत. 1959 चा शस्त्र अधिनियम मात्र सवडीने, चवीने वाचावा असा आहे. त्यातही व्याख्यांचे दुसरे कलम. बंदुकांवरचा वाद जगात कुठेही पेटो, तो शेवटी कोणत्या बंदुकीला काय म्हणायचे इथे येऊन अडतो. आपल्या मसुदाकारांनी हा पेच शब्दाशब्दाने कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवात 'शस्त्र' या शब्दापासूनच करू. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली, अथवा तशी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र. 'बदलून घेतलेली' ही जोड सहज नजरेतून निसटते. पण तिच्यामुळे कारखानदाराचा हेतू आणि वापरणाऱ्याची करामत, दोन्ही एकाच जाळ्यात येतात. एवढे मोठे जाळे टाकून मसुदा लगेच ते आवरतोही. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू यात नाहीत, असे सांगतो आणि उदाहरण देतो लाठीचे, चालायच्या साध्या काठीचे. 1878 च्या इंग्रजी कायद्याने भाले आणि धनुष्यबाणसुद्धा शस्त्रांच्या यादीत घातले होते. स्वतंत्र देशाच्या कायद्याने काठीला नाव घेऊन मोकळे केले. यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शिवारात रात्री जागलीला निघालेल्या शेतकऱ्याची सगळी सोय या अर्ध्या ओळीत झाली आहे.

आता 'प्रतिबंधित शस्त्र'. चापावर दाब दिल्यावर तो दाब काढेपर्यंत, किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत, जिच्यातून गोळ्या सुटतच राहतात ती बंदूक. वायू किंवा विषारी द्रव फेकणारी शस्त्रे, तोफा वगैरे पुढे येतात. पण व्याख्येचा प्राण या पहिल्या वाक्यात आहे. त्यात कंपनीचे नाव नाही, देश नाही, रंगरूप नाही. खरे तर विधेयकाच्या उद्देशांत 'लष्करी धाटणीची' हत्यारे नागरिकांच्या हाती पडू नयेत, असेच म्हटले होते. पण धाटणी ही पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरते आणि न्यायालयात नजर सिद्ध करता येत नाही. म्हणून व्याख्येत धाटणी गेली आणि बोट आले. बोट दाबलेले असताना काय घडते, एवढाच प्रश्न. त्याचे उत्तर कुणालाही चाचणी घेऊन देता येते.

रसिकाने थबकावे ते पुढच्या मौनापाशी. या व्याख्येत अर्धस्वयंचलित रायफल बसत नाही. तिच्यात एका दाबाला एकच गोळी सुटते. पुढचे काडतूस आपोआप चढते, पण बोट सैल करून पुन्हा चाप ओढल्याखेरीज दुसरी गोळी निघत नाही. मग ती मोकाट सुटली का? तिला गाठायला नियमांची अनुसूची उघडावी लागते. तिथे पहिल्या वर्गाच्या 'अ' गटात प्रतिबंधित शस्त्रे आणि लगेच 'ब' गटात अर्धस्वयंचलित शस्त्रे. 2016 च्या नियमांत अशा शस्त्रांना 'निर्बंधित' म्हटले आहे आणि त्यांचा परवाना थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडून. अर्धस्वयंचलित पिस्तुलांपैकी काही मात्र 'इतर वर्गांत येणारी वगळून' एवढ्या शब्दांनी अलगद तिसऱ्या, 'अनुज्ञेय' वर्गात उतरतात. प्रतिबंधित, निर्बंधित, अनुज्ञेय अशा या तीन पायऱ्या, आणि प्रत्येक शब्दाचे वजन वेगळे. शेजारच्याच गटात साधी बोल्ट ओढायची .303 रायफलही आहे. तिचा दोष एवढाच, की सरकारी दलांचे काडतूस तिच्यात बसते. यंत्रणा निरुपद्रवी दिसली, तरी तिच्यात काय भरता येईल इथपर्यंत मसुद्याची नजर पोचली आहे.

ही नजर किती दुर्मिळ, ते अमेरिकेकडे पाहिले की कळते. तिथल्या 1994 च्या कायद्याने 'असॉल्ट वेपन' हे नाव घेतले आणि व्याख्या मुख्यतः अवयवांवर बेतली. मॅगझीन काढता येणारी अर्धस्वयंचलित रायफल असेल आणि घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खाच अशांपैकी दोन गोष्टी तिच्यावर असतील, तर बंदी. उत्पादकांनी खाच काढली, मूठ बदलली आणि तीच यंत्रणा पुन्हा दुकानात आणली. 2004 मध्ये कायद्याची मुदतही संपली. वाद मात्र नावावरच रेंगाळला. एक बाजू 'असॉल्ट' म्हणते, तर उद्योगाने 'आधुनिक क्रीडा रायफल' हे गोड नाव रूढ केले. या रायफलींच्या नावातली 'एआर' ही अक्षरे आर्मालाइट कंपनीची, तरी कित्येकांना त्यांत 'असॉल्ट'च ऐकू येते. आपल्या मसुद्याने असे नाव घेतलेच नाही, त्यामुळे नाव बदलून निसटायची वाटही ठेवली नाही.

या संयमाची कसोटी मुंबईत लागली. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर अभिनेते संजय दत्त यांच्या खटल्यात वर्षानुवर्षे मथळ्यांत गाजली ती 'एके-56'. त्या नावातच दहशत होती आणि सिनेमाचे वलयही. दहशतवादविरोधी 'टाडा' कायद्याच्या न्यायालयाने त्यांना दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले आणि शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरवले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली, दोष कायम ठेवला. विनापरवाना शस्त्र बाळगणे आणि प्रतिबंधित शस्त्र बाळगणे, या दोन कोरड्या कलमांनी निवाडा पेलला. वलय वृत्तपत्रांतच राहिले.

मला सर्वांत देखणे वाटते ते तेरावे कलम. परवाना मागणाऱ्याला सर्वसाधारणपणे 'योग्य कारण' दाखवावे लागते. पण खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अधिकाऱ्याने परवाना 'द्यावा', अशी आज्ञार्थी भाषा येते. चौदाव्या कलमातली नकाराची कारणे तेवढी आड येऊ शकतात. तेराव्या कलमाला जोडलेले परंतुक तर खास आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही, असे अधिकाऱ्याला पटले, तर किमान वीस इंच नळीची, आत आटे नसलेली दुसरी बंदूक देता येते. दारू ठासून, गज मारून एक बार काढेपर्यंत रानडुकरांचा कळप तुरीतून पार झालेला असतो, हे यवतमाळकराला सांगायला नको. दिल्लीत बसलेल्या मसुदाकारालाही ते ठाऊक असावे. तरी त्याने पुरेसेपणाची हद्द नळीच्या वीस इंचांवर आखली आणि रायफल बाहेरच ठेवली. शिवाय परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रोही किंवा डुक्कर मारायला 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते आणि त्या कायद्यानेही 'मालमत्ता' म्हणताना शेतातले उभे पीक विसरलेले नाही.

वावर राखायला एकनळी मागणारा शेतकरी आणि घरात एके-56 दडवणारा माणूस, दोघांच्याही हाती बोलीभाषेत 'बंदूक'च असते. कायद्याने त्यांना चापाची चाल, नळीची लांबी आणि वापराचे कारण या तीन मापांनी वेगळे केले. म्हणून बोरी अरबच्या शेतकऱ्याला बंदूक द्यावी की नाही, यावर आपण मनापासून भांडू शकतो. त्या भांडणात तो दहशतवाद्याच्या पंगतीला बसत नाही, एवढी तजवीज 1959 च्या मसुद्याने करून ठेवली आहे.