यदृच्छा आणि अपरिहार्यता : जाक मोनो यांच्या ग्रंथाचे एक परीक्षण

आजच्या व्याख्यानासाठी मी एक जुनं पुस्तक निवडलं आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांचं हे पुस्तक 1970 साली फ्रेंचमध्ये आलं आणि पुढच्या वर्षी ‘चान्स अँड नेसेसिटी’ या नावानं इंग्रजीत. मोनो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे. 1965 साली फ्रान्स्वा जाकोब आणि आंद्रे ल्वोफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं होतं. म्हणजे जनुकांचं काम कसं चालतं हे ज्यांनी स्वतः शोधून काढलं, त्यांपैकी एकाचं हे तत्त्वचिंतन आहे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना म्हणूनच ते गंभीरपणे घ्यावं लागतं.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. सजीवांमधले बदल यदृच्छेनं घडतात. नैसर्गिक निवड त्यातले काही ठेवते, बाकीचे टाकते. ही झाली अपरिहार्यता. या दोन पायांवर सगळी जीवसृष्टी उभी आहे, तिच्यामागे हेतू नाही. म्हणून माणूस या विश्वात एकटा आहे, आणि आपली मूल्यं त्यानं आपणच निवडायची आहेत.

‘यदृच्छा’ हा शब्द आपल्याला नवा नाही. श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या कारणांचा विचार करताना काळ, स्वभाव, नियती यांच्या पंगतीत यदृच्छाही बसवलेली आहे. पण शब्द ओळखीचा असला की अर्थही ओळखीचा आहे असं आपण धरून चालतो. मोनोंच्या पुस्तकाची अडचण नेमकी तिथे आहे.

आधी त्यांची बळकट बाजू बघू. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. माणसाच्या एका संचात सुमारे तीन अब्ज अक्षरं. पेशी विभागताना या मजकुराची नक्कल होते, आणि नक्कल करणारा कितीही काटेकोर असला तरी चुका राहतात. प्रत्येक मूल आईबापांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल घेऊन जन्माला येतं. यातले बहुतेक ना फायद्याचे ना तोट्याचे.

आता प्रश्न असा की, हे बदल गरज पडली म्हणून होतात का? 1943 साली साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी एक सुंदर प्रयोग केला. वेगवेगळ्या नळ्यांमध्ये थोडेथोडे जीवाणू वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जीवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूसमोर टाकले. विषाणू दिसल्यावर काही जीवाणू प्रतिकार ‘कमावत’ असतील, तर प्रत्येक नळीतून वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी. प्रतिकाराचा बदल आधीच, वाढीच्या काळात केव्हातरी झाला असेल, तर ज्या नळीत तो लवकर झाला तिथे वाचलेल्यांची मोठी प्रजा सापडेल, आणि इतरत्र जवळजवळ कोणी नाही. प्रत्यक्षात हे दुसरंच दिसलं. बदल आधी झाला होता, संकट नंतर आलं.

इथवर मोनो अगदी बरोबर आहेत. पण यातून सिद्ध काय झालं ते नीट मोजून घेऊ. यदृच्छा म्हणजे विनाकारण, असा एक अर्थ होतो. तो इथे लागू नाही. अतिनील किरण, काही रसायनं, अक्षरांची स्वतःची रासायनिक अस्थिरता अशी कारणं असतातच. सगळ्या शक्यता सारख्या, असा दुसरा अर्थ. तोही नाही, काही ठिकाणची अक्षरं इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा बदलतात. उरला तिसरा अर्थ : जीवाची गरज काय आहे याच्याशी बदलाचा संबंध नाही. सिद्ध झाला आहे तो एवढाच.

मोनोंना हे अर्थ दिसत नव्हते असं नाही. फाशांचा खेळ आणि दोन स्वतंत्र घटनामालिकांची गाठ यांत ते स्वतःच फरक करतात. रस्त्यानं रुग्णाकडे निघालेला डॉक्टर आणि छपरावरून निसटलेला हातोडा, हे त्यांचंच उदाहरण. दोन्ही घटनांना कारणं आहेत, गाठ पडण्याला वेगळं कारण नाही. इतकं स्वच्छ सांगितल्यावर मात्र ते एकदम ‘निखळ, आंधळी यदृच्छा’ असं बोलू लागतात, आणि तिथून विश्वातल्या एकटेपणावर पोचतात. ‘गरजेशी संबंध नाही’ इथून ‘कशालाच अर्थ नाही’ इथपर्यंतची वाट युक्तिवादानं बांधलेली नाही. ती भाषेच्या वेगात पार केलेली आहे.

माझा दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. यदृच्छा आणि अपरिहार्यता या दोन खांबांच्या मध्ये जी जिवंत वस्ती असते, जीवशास्त्रज्ञ जिला पॉप्युलेशन म्हणतात, ती या पुस्तकात फिकी पडते. उत्क्रांती एका जीवाची होत नाही, समूहाची होते. आणि समूहात विविधता येते ती केवळ नव्या चुकांमुळे नाही, तर जुन्याच पत्त्यांच्या पिसण्यानं. माणसाला गुणसूत्रांच्या 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकेक उचलायचं म्हटलं, तर एका व्यक्तीकडूनच 83,88,608 प्रकारच्या बीजपेशी संभवतात. म्हणजे जवळजवळ चौऱ्याऐंशी लक्ष! (हशा) नाही, हा निव्वळ योगायोग आहे, यावर कृपया कोणी पुस्तक लिहू नये. शिवाय गुणसूत्रं आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात ते वेगळंच.

निवड तरी अपरिहार्य असते का? जे. बी. एस. हॉल्डेन, जे 1957 साली भारतात आले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले, त्यांनी 1927 मध्येच एक हिशेब मांडला होता. समजा, मोठ्या समूहात एका जीवात एक टक्का फायदा देणारा नवा बदल झाला. तो टिकून सगळ्या समूहात पसरण्याची शक्यता सुमारे दोन टक्के. म्हणजे चांगले असूनही शंभरातले अठ्ठ्याण्णव सुरुवातीलाच नाहीसे होतात. ज्याच्यात बदल झाला तो अपघातानं मेला, किंवा त्याच्या पिलांत तो उतरलाच नाही. समूह लहान असेल तर निरुपयोगी बदलही नशिबानं सर्वत्र पसरतात. मोटू किमुरा यांनी रेणूंच्या पातळीवर हेच 1968 साली, मोनोंच्या पुस्तकाच्या दोन वर्षं आधी, ठामपणे मांडलं होतं. थोडक्यात, दुसऱ्या खांबातही पहिल्याची माती मिसळलेली आहे.

आणि ‘फायदा’ हा तरी जनुकात असतो का? सिकलसेलचं उदाहरण घ्या. आपल्या विदर्भात, नंदुरबारमध्ये हा आजार घरोघरी माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदलतो, एका अक्षराच्या फरकानं. आई आणि वडील दोघांकडून हा बदल मिळाला तर आयुष्यभराचं दुखणं. एकाकडूनच मिळाला तर माणूस सहसा धडधाकट, आणि लहानपणी मलेरियाच्या घातक प्रकारापासून बरंच संरक्षणही. अँथनी ॲलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. तेव्हा हा बदल चांगला की वाईट? उत्तर जनुकाकडे नाही. डबकी कुठे आहेत, डास किती आहेत, दुसरी प्रत कोणती मिळाली, यावर ते ठरतं. डास हटवले की हिशेब बदलतो. अपरिहार्यता म्हणतात ती अशी परिस्थितीच्या हातात आहे, आणि परिस्थितीत माणसाची करणीही येते.

एवढी टीका केल्यावर तुम्ही विचाराल, मग हे पुस्तक वाचायचं कशाला? माझं उत्तर असं. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मूल आजारी निघालं की घरात शोध सुरू होतो तो दोषाचा. सुनेचं रक्त खराब, कुणाचं तरी पूर्वजन्मीचं पाप, कुळाला शाप. वाहक आहे एवढ्यावरून ठरलेली लग्नं मोडतात. आई विचारते, ‘माझ्याच लेकराला का?’

‘कसं’ याचं उत्तर जीवशास्त्र देतं. ‘कुणाच्या अपराधामुळे’ असं विचारायचं असेल, तर उत्तर आहे : कुणाच्याच नाही. कोणती प्रत कोणत्या बीजपेशीत जाईल हे जसं गरज बघून ठरत नाही, तसंच लायकी बघूनही ठरत नाही. मोनोंनी यदृच्छेकडे बघितलं तेव्हा त्यांना एकटेपण दिसलं. मला तिच्यात निर्दोष सुटका दिसते. वाहक माणूस दोषी नाही, आणि त्याच्या अंगातला तो बदल म्हणजे त्याच्या पूर्वजांच्या मलेरियाच्या वस्तीतला एक जुना वाटेकरी आहे. हे त्या आईला सांगता येतं, आणि सांगितलं पाहिजे. तिच्या मुलाला औषध मिळतं की नाही, हा मात्र यदृच्छेचा प्रश्न नाही. तिथे जबाबदार कोण हे नावानिशी विचारता येतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.