गृहिणी की कामगार? : मारिया मीज यांच्या नरसापूर-अभ्यासाची सोलापूरच्या संदर्भात समीक्षा

प्रस्तावना :
जी स्त्री अर्थोत्पादक काम करीत नाही व कामाच्या शोधातही नाही, तिला अर्थशास्त्र श्रमशक्तीबाहेरची मानते. विकसित देशांतील अशा स्त्रियांचा विचार बहुधा व्यक्तिगत निवड म्हणून केला जातो. परंतु ही निवड नेहमीच मुक्त नव्हती. पश्चिम जर्मनीच्या नागरी संहितेनुसार 1977 पर्यंत विवाहित स्त्रीला गृहकर्तव्यांशी सुसंगत असेल तेवढीच नोकरी करण्याची मुभा होती. त्याच देशातील समाजशास्त्रज्ञ मारिया मीज यांनी आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरील ग्रंथ 1982 मध्ये प्रसिद्ध केला. श्रमशक्तीची सीमारेषा कशी आखली जाते, हा त्यातील मूलभूत प्रश्न आहे.

विषय विवेचन :
नरसापूरच्या स्त्रिया घरकाम सांभाळून रोज कित्येक तास लेस विणत. ती परदेशी बाजारात विकली जाई. तथापि व्यापारी, कुटुंबीय आणि स्वतः त्या स्त्रियाही या श्रमाला फावल्या वेळेचा उद्योग समजत. कापू समाजात तर घराबाहेर न पडणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. स्त्रीला ‘गृहिणी’ ठरविले की तिचे श्रम स्वस्त होतात, या प्रक्रियेला मीज ‘गृहिणीकरण’ म्हणतात. गृहिणी ही उत्पादनाबाहेरची व्यक्ती नसून उत्पादनाच्या एका रचनेचा आधार आहे, हे दाखवून देणे हे या ग्रंथाचे मोठे सामर्थ्य होय.

सोलापूरच्या पूर्व भागातील विडी उद्योगाला ही मांडणी बरीचशी लागू पडते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजात पुरुष यंत्रमागावर आणि स्त्रिया विडीकामात, अशी श्रमविभागणी दीर्घकाळ रूढ झाली. तेंदूपाने व तंबाखू कारखान्यातून आणून स्त्रिया घरी विड्या वळतात आणि हजारी दराने मजुरी घेतात. पाने कापणे, विड्यांची तोंडे बंद करणे यांत मुली व वृद्ध स्त्रिया हातभार लावतात. त्यांचे श्रम मात्र स्वतंत्रपणे मोजले जात नाहीत.

येथूनच मीज यांच्या मांडणीची मर्यादाही सुरू होते. घरी बसून केलेले काम स्त्रीला अदृश्य करते, हा त्यांचा निष्कर्ष सोलापुरात अपुरा पडतो. विडी व सिगार कामगार अधिनियम, 1966 ने मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणाऱ्या व्यक्तीला ‘कामगार’ म्हणून मान्यता दिली. तयार माल तपासून नाकारण्याचा मालकाचा अधिकार हे नियंत्रणाचेच रूप आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात 1985 मध्ये मानले आणि अशा कामगारांचा भविष्यनिर्वाह निधीचा हक्क ग्राह्य धरला. माल देण्याघेण्यासाठी रोज कारखान्यात एकत्र येणाऱ्या स्त्रियांना संघटित करणे कामगार संघटनांनाही शक्य झाले. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीतील दहा हजार घरे हे त्या संघटनशक्तीचे फलित असून, 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वितरण झाले. जर्मन संहितेने नोकरदार स्त्रीला गृहिणीपणाच्या चौकटीत बांधले. भारतीय कायद्याने घरातील स्त्रीला कामगार ठरविले. कायद्याच्या या दुहेरी सामर्थ्याची पुरेशी दखल ‘गृहिणीकरण’ या संकल्पनेत घेतली जात नाही.

अर्थात, सोलापूरच्या उदाहरणाचाही गौरव मर्यादेतच करावयास हवा. कायद्याने मान्यता दिली ती विडीच्या कामाला. घरी राबणाऱ्या प्रत्येक स्त्रीला नव्हे. त्याच गल्लीत घरी तुकड्यावर शिलाईकाम करणाऱ्या स्त्रीला तशा स्वतंत्र कायद्याचे संरक्षण लाभले नाही. स्वयंपाक, पाणी भरणे, आजाऱ्यांची शुश्रूषा ही कामे तर दोघींच्याही बाबतीत हिशेबाबाहेरच राहिली.

समारोप :
तंबाखूचे दुष्परिणाम पाहता विडी उद्योगाचा संकोच आरोग्याच्या दृष्टीने इष्टच आहे. मात्र विडी सुटल्यावर ती स्त्री दुसरे घरकाम पत्करील, तेव्हा तिची कामगार ही ओळख टिकेल काय, हा खरा प्रश्न आहे. 1966 चा अधिनियम आता नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांमध्ये विलीन झाला असल्याने तो अधिकच तातडीचा ठरतो. ओळख वस्तूऐवजी श्रमाशी जोडली गेली नाही, तर आज कामगार गणली जाणारी स्त्री, हात तितकेच राबत असतानाही, उद्या ‘गृहिणी’ म्हणून नोंदली जाईल. मीज यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन त्यासाठी आवश्यक ठरते; मात्र ते सोलापूरचा अनुभव जमेस धरूनच व्हावयास हवे.