‘वाय-वाय’चा फोटो काय सांगतो, काय नाही?

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ वाचलाय का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. बीएमआयवरून अंगातली चरबी कळत नाही, हे एका नजरेत पटतं. पण त्यावरून ‘भारतीयांच्या स्नायूंत इन्सुलिन कमी चालतं’ असं लिहाल तर फसाल. माणसं दोनच, अन् स्नायू तपासलेलाच नाही.

इन्सुलिनमुळे रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड सुटतं, बारीक धमन्या सैलावतात आणि जास्त केशवाहिन्यांत रक्त पोचतं. आपल्या बुलढाण्यात मळा भिजवताना पाहिलं असेलच: पाटात पाणी तेवढंच असलं तरी बारी उघडली की जास्त वाफे भिजतात. म्हणून पायातला एकूण रक्तप्रवाह मोजून भागत नाही.

स्नायूतल्या धमनीभोवतीची चरबी इन्सुलिनचं हे काम अडवत असावी, असं युडकिन यांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये मांडलं. तेही गृहीतकच. तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना फोटो प्रस्तावनेत ठेवा. पुरावा म्हणून केशवाहिन्यांतलं मोजमापच द्या.