निरोगी कण्याचे अंश : एका परिभाषेची चिकित्सा

कुमारवयीन निरोगी मुलामुलींच्या श्रोणीची व कण्याची परस्परस्थिती क्ष-किरणचित्रावर अंशांत मोजावी आणि त्यावरून ‘नॉर्मल’ म्हणजे काय ते ठरवावे, ही अस्थिशल्यविद्येतील संशोधनाची आता रुळलेली रीत आहे. मॅक-थिओंग व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला, ३ ते १८ वर्षे वयाच्या ३४१ मुलामुलींवरील निबंध हा या रीतीचा एक चांगला नमुना होय. त्यातील मोजणीच्या शिस्तीविषयी तक्रारीस जागा नाही. विचार करावयाचा आहे तो आकड्यांना दिलेल्या नावांचा.

या मोजणीत तीन कोन येतात. ‘पेल्विक इन्सिडन्स’ ही संज्ञा फ्रान्समधील द्युवाल-बोपेर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. त्रिकास्थीच्या वरच्या पृष्ठाच्या मध्यबिंदूतून त्या पृष्ठावर काढलेला लंब आणि तोच बिंदू खुब्याच्या सांध्यांच्या अक्षाशी जोडणारी रेषा, यांमधील हा कोन. मूल ताठ उभे राहिले काय आणि वाकले काय, तो जवळजवळ तोच राहतो, कारण तो हाडांच्या घडणीचा आहे. ‘सेक्रल स्लोप’ म्हणजे त्याच पृष्ठाचा क्षितिजरेषेशी होणारा कोन व ‘पेल्विक टिल्ट’ म्हणजे वरील जोडरेषेचा ऊर्ध्वरेषेशी होणारा कोन. हे दोन मात्र उभे राहण्याच्या ढबीबरोबर बदलतात. निबंधाच्या शीर्षकातील ‘बॅलन्स’ हा शब्द घडण व ढब या दोहोंवर एकच पांघरूण घालतो. ढबीला तोल असू शकतो. घडणीला तोल कसला?

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पहिला कोन हा इतर दोहोंची बेरीज असतो. दहा वर्षांखालील मुलांत सरासऱ्या ४३.७, ३८.२ व ५.५ अंश अशा आहेत. त्यापुढील वयात ४६.९, ३९.१ व ७.७. स्लोप फारसा हलला नाही आणि इन्सिडन्स वाढला, एवढे सांगितल्यावर टिल्टही वाढला हे निराळे निरीक्षण उरत नाही. तसेच इन्सिडन्स व स्लोप यांच्यातील सहसंबंधाचा काही भाग शरीराने नव्हे, व्याख्येनेच निर्माण केलेला असतो. हजार कुटुंबे तपासून मामा हा नेहमी आईचा भाऊच आढळतो असे कोणी जाहीर केले, तर त्यास कुटुंबव्यवस्थेचा शोध कोणी म्हणणार नाही.

आता ‘नॉर्मल’. इंग्रजीत हा शब्द सरासरी, निरोगी आणि इष्ट असे तीन अर्थ एकाच दमात वाहतो. मराठीत भाषांतरकारास ‘सर्वसाधारण’, ‘निरोगी’ व ‘प्रमाण’ यांतून निवड करावी लागते, आणि ती करताच गोंधळ उघडा पडतो. प्रमाणभाषा ही कधीच सर्व बोलणाऱ्यांच्या बोलीची सरासरी नसते. मोठ्या मुलांतील ४६.९ या सरासरीचे प्रमाणविचलन ११.४ अंश आहे. म्हणजे ३६ आणि ५८ हे दोन्ही आकडे निरोगी मुलांत सहज सापडावयाचे. दोन वयोगटांतील फरक अवघा ३.२ अंशांचा. सरासरीस ‘प्रमाण’ मानले की या विस्तृत वैविध्याचे रूपांतर दोषात होते. ही केवळ शब्दांची कुरकुर नव्हे. बाक आलेल्या कण्यावर शस्त्रक्रिया करताना शल्यविशारद धातूची सळई विशिष्ट वळणाने वाकवितो, मणके त्या वळणात सांधले जातात आणि सोळा वर्षांची मुलगी ते वळण जन्मभर वागविते. तिच्या स्वतःच्या घडणीस साजेसे वळण कोणते, याचे उत्तर गटाची सरासरी देत नाही.

‘निरोगी’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. केवळ सरासरी काढण्यासाठी धडधाकट मुलांवर किरण सोडणे सहज समर्थनीय नाही. कण्याच्या पार्श्ववक्रतेच्या ५,५७३ अमेरिकन स्त्रीरुग्णांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाने सुमारे ४६ मृत्यू अपेक्षित असता ७७ आढळले. म्हणून अशा संशोधनातील ‘निरोगी’ हे पुष्कळदा वक्रतेच्या संशयावरून तपासले गेलेले व संशय फिटलेले असे असतात. त्यांचे निरोगीपण अभावात्मक आहे, आणि गटाची निवड कशी झाली हे प्रत्येक निबंधात शोधून पाहावे लागते.

‘सहज उभे राहणे’ या वर्णनाचेही तसेच. बाजूने चित्र घेताना दंड कण्याच्या आड येतात, म्हणून मुलास हात पुढे धरावे लागतात किंवा मुठी गळपट्टीच्या हाडावर टेकवाव्या लागतात. तसे करताच धड किंचित मागे झुकते. इन्सिडन्सला याने बाध येत नाही. कण्याच्या वक्रता आणि धडाचा तोल यांच्या कोष्टकात मात्र हातांची स्थिती नोंदलेली नसेल, तर दोन निबंधांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.