गज आणि प्यादी

ओडेसा हे काळ्या समुद्रावरचे बंदर १७९४ मध्ये वसवले गेले आणि पुढच्या शतकात ते व्हायोलिनवादकांचे गाव झाले. धान्याच्या व्यापाराबरोबर तेथे ग्रीक आणि इटालियन व्यापारी आले, त्यांच्यामागून ऑपेरा आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातील सुमारे एक तृतीयांश वस्ती ज्यू होती. झारच्या राज्यात ज्यूंनी कोठे राहायचे याची हद्द आखलेली होती. जमीन, सरकारी नोकरी, विद्यापीठ या वाटा बहुतेकांना बंद होत्या. उरलेल्या मोजक्या वाटांपैकी एक व्हायोलिनची होती. पियानोला पैसा लागतो आणि तो ठेवायला मोठी खोली लागते. व्हायोलिन काखेत मारून कोठेही जाता येते. बुद्धिबळाचेही तसेच आहे. एक पट, बत्तीस सोंगट्या आणि समोर बसायला कोणीतरी एवढी सामग्री पुरते. पुढे या घरांतील माणसे जगभर विखुरली तेव्हा या दोन्ही गोष्टी त्यांच्या सामानात सहज मावल्या.

मराठीत या दोहोंना जोडणारा एक शब्द आहे. व्हायोलिन ज्याने वाजवतात तो गज, आणि चतुरंगातला हत्ती हाही गज. हा हत्ती इराणमार्गे अरबांकडे जाऊन ‘फील’ झाला आणि पुढे युरोपात त्याचे नाव व रूप दोन्ही बदलले. रशियन भाषेने मात्र तो जपला. मराठी माणूस ज्याला उंट म्हणतो त्याला रशियन खेळाडू आजही हत्तीच म्हणतो. मराठीतला हत्ती त्याच्या पटावर नाव असतो, जशी बंगाली पटावर नौका असते. खेळ दूरदेशी गेला तरी त्याचे मूळ अशा एखाद्या शब्दात टिकून राहते.

रशियन व्हायोलिनचा पाया घालणारे लिओपोल्ड आउअर हे जन्माने हंगेरियन. १८६८ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागले आणि जवळजवळ पन्नास वर्षे तेथे राहिले. ज्यूंना या तेव्हाच्या राजधानीत राहण्याची परवानगी सहजी मिळत नसे, पण कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्याला ती मिळे. विल्नाहून आलेला याशा हायफेट्झ नऊ वर्षांचा होता. मुलाला प्रवेश मिळाला, वडिलांना शहरात राहता येईना. तेव्हा आउअर यांनी वडिलांचेही नाव विद्यार्थी म्हणून आपल्या वर्गात नोंदवले. वडील आधीच पेशाने वादक होते. एका मुलाच्या शिक्षणासाठी गुरूने काय काय करावे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आउअर यांची शिकवण्याची रीत आपल्याकडच्या तालमीच्या जवळची होती. धडा एकेकट्याला बंद खोलीत मिळत नसे. सगळा वर्ग हजर असे आणि एकजण वाजवताना बाकीचे ऐकत. दुसऱ्याच्या चुका ऐकून कान तयार होतो आणि दुसऱ्याचे चांगले ऐकून भूक वाढते. ओडेसात प्योत्र स्तोल्यार्स्की हेच काम अगदी लहान मुलांसोबत करत होते. हे ऑपेराच्या वाद्यवृंदातले वादक. एकल वादक म्हणून त्यांचे नाव कोठे नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात काय आहे हे त्यांना ओळखता येई. १९३३ मध्ये त्यांच्या नावाने खास संगीतशाळा सुरू झाली. हुशार मुलांसाठी काढलेल्या सोव्हिएत देशातील पहिल्या शाळांपैकी ती एक होती. नाथन मिलस्टीन आणि दावीद ओइस्त्राख यांनी गज धरायला स्तोल्यार्स्की यांच्याकडेच शिकून घेतले.

या परंपरेचे वैशिष्ट्य म्हणून गज धरण्याची ‘रशियन पकड’ नेहमी सांगितली जाते. व्हायोलिनशिक्षक कार्ल फ्लेश यांनी आपल्या ग्रंथात तीन पकडी वेगळ्या केल्या: जुनी जर्मन, फ्रँको-बेल्जियन आणि रशियन. रशियन पकडीत तर्जनी गजावर अधिक खोलवर टेकते, मनगट उंच राहते आणि हाताचे वजन जोर न लावता तारेवर उतरते. त्यातून भरीव, दाट नाद निघतो. मिशा एल्मन आणि हायफेट्झ या आउअर यांच्या शिष्यांच्या हातात ही पकड स्पष्ट दिसते. ओइस्त्राख यांचा हात त्याहून मोकळा होता. स्वतः आउअर यांनी १९२१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात गज धरण्याचा एकच ठराविक नियम सांगता येत नाही, असेच मत मांडले आहे. म्हणजे ही परंपरा बोटांच्या ठेवणीत शोधणे पुरेसे नाही. तिचे खरे घर म्हणजे तो एकत्र ऐकणारा वर्ग.

१९३७ हे वर्ष या परंपरेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वसंतात ब्रुसेल्सला व्हायोलिनची इझाई स्पर्धा झाली. ओइस्त्राख पहिले आले, एलिझावेता गिलेल्स तिसऱ्या, आणि पहिल्या सहांपैकी पाच जागा सोव्हिएत वादकांनी घेतल्या. उरलेली दुसरी जागा रिकार्दो ओद्नोपोसोफ यांना मिळाली. ते ब्युनोस आयरिसला जन्मलेले आणि रशियातून गेलेल्या ज्यू आईबापांचे चिरंजीव. घरी राहिलेली शाखा आणि परदेशी गेलेली शाखा एकाच मंचावर शेजारी उभ्या राहिल्या.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या कलावंत-क्लबात ओइस्त्राख पुन्हा सामन्याला बसले, पण या वेळी बुद्धिबळाच्या. प्रतिस्पर्धी होते संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह. डाव दहा ठरले होते. जिंकणाऱ्याला क्लबाचे बक्षीस आणि हरणाऱ्याने सभासदांसाठी मैफल द्यायची, अशी अट होती. या प्रसंगाच्या छायाचित्रात दोघे पटावर वाकलेले आहेत आणि शेजारी उभ्या राहून गिलेल्स डाव पाहत आहेत. प्रोकोफिएव्ह हौशी असले तरी कच्चे नव्हते. १९१४ मध्ये, पुढे जगज्जेते झालेले कापाब्लांका यांनी अनेकांशी एकाच वेळी खेळलेल्या प्रदर्शनात त्यांनी कापाब्लांकांना एक डाव हरवला होता. क्रांतीनंतर ते अठरा वर्षे अमेरिकेत आणि युरोपात काढून १९३६ मध्ये मॉस्कोत परतले होते. पटावरची ही ओळख पुढे संगीतात उतरली. ओइस्त्राख यांच्या सूचनेवरून प्रोकोफिएव्ह यांनी आपल्या बासरीच्या सोनाटाचे व्हायोलिनसाठी रूपांतर केले, आणि एफ मायनरमधला गंभीर सोनाटा तर ओइस्त्राख यांनाच अर्पण केला. १९५३ मध्ये प्रोकोफिएव्ह गेले तेव्हा अंत्यसंस्काराच्या वेळी ओइस्त्राख यांनी त्या सोनाटाचे पहिले आणि तिसरे अंग वाजवले.

तोवर परंपरेची दुसरी शाखा अटलांटिकपलीकडे रुजून बसली होती. मिशा एल्मन १९०८ मध्येच न्यूयॉर्कला वाजवून गेले होते. हायफेट्झ यांनी २७ ऑक्टोबर १९१७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये पहिली मैफल केली. पुढच्या वर्षी सत्तरी ओलांडलेले आउअर स्वतः न्यूयॉर्कला पोचले आणि पुन्हा वर्ग भरवू लागले. मिलस्टीन १९२५ मध्ये पियानोवादक होरोविट्झ यांच्यासोबत दौऱ्यावर निघाले ते परतलेच नाहीत. मग २० नोव्हेंबर १९५५ उजाडला. शीतयुद्धाच्या काळात प्रथमच अमेरिकेत आलेले ओइस्त्राख, एल्मन आणि मिलस्टीन या तिघांनी त्या एकाच दिवशी कार्नेगी हॉलमध्ये आपापले कार्यक्रम केले. तिघेही लहानपणी ओडेसात शिकलेले. बंदरातून वेगवेगळ्या वर्षी निघालेली गलबते एके दिवशी एकाच धक्क्याला लागावीत, तसे झाले.

परंतु कला परदेशी टिकते ती अशा थोर वादकांमुळेच, हा समज तपासून पाहायला हवा. एल्मन यांचा नाद ज्यांनी ऐकला ते तो विसरले नाहीत. तरी एल्मन यांची शाळा अशी मागे राहिली नाही. हायफेट्झ यांनी उत्तरायुष्यात दक्षिण कॅलिफोर्नियात शिकवले, पण त्यांची उंची शिष्यांच्या पिढीत उतरली असे म्हणता येत नाही. बुद्धिबळातही अलेखिन १९२१ मध्ये रशिया सोडून गेले, १९२७ मध्ये ब्युनोस आयरिसला कापाब्लांकांना हरवून जगज्जेते झाले आणि १९४६ मध्ये पोर्तुगालमध्ये एकटे वारले. त्यांचे डाव अमर आहेत. त्यांच्याभोवती वर्ग मात्र जमला नाही.

ते काम केले इव्हान गलामियन यांच्यासारख्यांनी. तब्रीझला अर्मेनियन घरात जन्म, मॉस्कोत शिक्षण, १९२२ मध्ये पॅरिस, १९३७ मध्ये न्यूयॉर्क. मंचावर ते फारसे रमले नाहीत. त्यांनी रशियन हाताची ताकद आणि पॅरिसमध्ये ल्युसियाँ कापे यांच्याकडे शिकलेली गजाची बारीक विभागणी एकत्र केली आणि रियाजाची अशी शिस्त बांधली, की स्वर, सप्तक, लय, गजाचे प्रकार यांचा प्रत्येक भाग सुटा करून तपासता यावा. १९४४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात मेडोमाउंट नावाची उन्हाळी शाळा काढली. मुले वेगवेगळ्या झोपड्यांत तासन् तास रियाज करत आणि गलामियन बाहेरून फिरत ऐकत. इत्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन, क्यूंग-व्हा चुंग हे त्यांचे शिष्य. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व्हायोलिन कसे वाजले, याचे निम्मे उत्तर या एका माणसाच्या वर्गात आहे.

याच वर्गात १९४५ मध्ये मुंबईचे मेहली मेहता दाखल झाले. मेहता आणि ओइस्त्राख दोघेही १९०८ च्या सप्टेंबरातले, पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेले. मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता आणि त्यात पारशी व गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. गोव्याची परंपरा स्वतंत्र आणि जुनी: चर्चच्या शाळेत सोल्फा म्हणत स्वरलेखन वाचायला शिकलेली मुले पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनली. मझोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे शिकलेले संगीतकार प्यारेलाल हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. मेहतांचा आवाज तर प्रत्येक मराठी घराने नकळत ऐकला आहे. युरोपातून आश्रयाला आलेले संगीतकार वॉल्टर कौफमन यांची म्हणून ओळखली जाणारी आकाशवाणीची सकाळची धून मेहतांच्याच व्हायोलिनवर वाजली, असे मानले जाते. पुढे ते मँचेस्टरच्या हाले वाद्यवृंदात, मग फिलाडेल्फियाला आणि शेवटी लॉस एंजेलिसला गेले. तेथे १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली आणि तीन दशकांहून अधिक काळ तरुण वादक घडवले. परदेशी गेलेल्या या मुंबईकराने तेथे जाऊनही वर्गच भरवला, ही गोष्ट त्यांच्या चिरंजीवांच्या, झुबिन मेहतांच्या, कीर्तीखाली झाकली जाऊ नये.

बुद्धिबळाच्या वर्गाचे परदेशी जाणे थोडे उशिरा झाले. सोव्हिएत व्यवस्थेत मुलांच्या पायोनियर भवनांतून खेळ शिकवला जाई आणि डाव संपल्यावर दोघे खेळाडू, प्रशिक्षक आणि बाकीची मुले मिळून तो पुन्हा मांडून तपासत. संगीतवर्गाचीच ही दुसरी आवृत्ती. १९७० नंतर माणसे बाहेर पडू लागली. ओडेसाकडून खेळणारे लेव आल्बर्ट १९७९ मध्ये पश्चिमेत राहिले आणि अमेरिकेचे विजेते झाले. बोरिस गुल्को सोव्हिएत आणि अमेरिकी ही दोन्ही विजेतेपदे मिळवणारे एकमेव खेळाडू ठरले. इस्रायलच्या वाळवंटाकाठच्या बेअरशेवा शहरात लेनिनग्राडहून आलेल्या एलियाहू लेवांत यांनी १९७३ मध्ये क्लब काढला. नव्वदच्या दशकात सोव्हिएत भूमीतून लाखो लोक इस्रायलला आले तेव्हा हा क्लब त्यांची वाट पाहत तयार होता. दर हजारी किती ग्रँडमास्टर, हा त्या शहराचा पुढे अभिमानाचा विषय बनला.

भारताकडेही एक धागा आला. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात जगज्जेते मिखाईल ताल यांच्या नावाचा क्लब होता आणि तेथे लहानपणी विश्वनाथन आनंद खेळत. २०१२ च्या मे महिन्यात मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात जगज्जेतेपदासाठी आनंद आणि बोरिस गेल्फांड समोरासमोर बसले. गेल्फांड मिन्स्कमध्ये वाढलेले आणि १९९८ मध्ये इस्रायलला गेलेले. बारा डावांत सहा-सहा बरोबरी झाली आणि जलद डावांत आनंद जिंकले. एकाच वर्गपद्धतीची दोन परदेशी पिके पुन्हा मूळ शेतात आली होती.

व्हायोलिनची मुंबईकडे परत आलेली वाटही अशीच सरळ मोजता येते. ओडेसात शिकून पुढे ओइस्त्राख यांचे शिष्य झालेले व्हॅलेरी क्लिमोव्ह १९५८ मध्ये चायकोव्हस्की स्पर्धेच्या व्हायोलिन विभागाचे पहिले विजेते ठरले. मॉस्कोत त्यांच्याकडे शिकलेले कझाक वादक मरात बिसेनगालियेव यांनी २००६ मध्ये खुश्रू सुंतूक यांच्यासोबत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. केवळ वाद्यवृंदावर न थांबता २०१२ मध्ये तेथे मुलांसाठी अकादमी सुरू झाली. तिची पद्धत रशियन आहे: लहान वयात प्रवेश, आठवड्यातून एकाहून अधिक धडे, वाद्याबरोबर स्वरज्ञानाचा वेगळा तास. स्तोल्यार्स्की यांच्यापासून मोजले तर त्या अकादमीत हाती गज धरणारी मुंबईची मुले पाचव्या पिढीतली आहेत.