घडणावळीचं सोनं

संभाजीनगरच्या सराफ्यात जुना दागिना मोडायला नेला की कस पाहतात, वजन करतात. घडणावळीचे पैसे कुणी धरत नाही. सोन्याच्या जुन्या क्रोनोग्राफ मनगटी घड्याळाचा हिशेब याच्या उलटा आहे. तिथे सोनं हा किमतीतला किरकोळ भाग, खरं धन घडणावळीचं. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ. त्यातला सर्वांत देखणा नमुना म्हणून मी जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीच्या ‘२४९९’कडे बोट दाखवेन.

१९५१ ते १९८५ या काळात ही घड्याळं अवघी ३४९ बनली. वर्षाला सरासरी दहा. बहुतेक पिवळ्या सोन्यात, थोडी गुलाबी सोन्यात आणि प्लॅटिनममध्ये फक्त दोन. त्या दोनांतलं एक गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्याकडे होतं. ते २०१२ साली जिनिव्हात लिलावात विकलं गेलं.

आता तबकडी पाहा. बाराच्या खाली शेजारी शेजारी दोन खिडक्या, वाराची आणि महिन्याची. तीनजवळ क्रोनोग्राफची तीस मिनिटं मोजणारं वर्तुळ, नऊजवळ चालू सेकंदांचं. सहाच्या वर तारखेचं वर्तुळ आणि त्याच्या पोटात चंद्राच्या कला. शिवाय तास, मिनिट आणि मधोमध क्रोनोग्राफचा लांब काटा. सुमारे साडेसदतीस मिलिमीटरच्या केसमध्ये नऊ गोष्टी मावल्या आहेत, तरी दाटी जाणवत नाही. डावं आणि उजवं वर्तुळ एकमेकांना तोलतात, वरच्या खिडक्यांना खालचा चंद्र तोलतो, आणि मधे नजरेला विसावा मिळतो.

या घड्याळाचे चार टप्पे मानतात, त्यातले पहिले तीन असे. पहिल्यात चौकोनी बटणं, ठसठशीत आकडे आणि कडेला वेग मोजण्याची पट्टी. दुसऱ्यात बटणं गोल झाली. तिसऱ्यात कडेची पट्टीही गेली. संग्राहकांचा जीव पहिल्या टप्प्यावर अधिक. मला तिसरा श्रेष्ठ वाटतो. तिथे वगळण्याचं धाडस आहे, आणि त्यामुळे प्रमाणबद्धता उघडी पडूनही टिकते.

पण खरा रस पाठीमागे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पैठणची अस्सल पैठणी जाणकार उलटून पाहतात. मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ हवी. हे घड्याळही तसंच पारखावं. मशीनचा कच्चा सांगाडा वाल्जू कंपनीचा. पाटेकच्या कारागिरांनी तो बदलला, एकेका पट्टीच्या कडा उतरवून चकाकवल्या. त्यातलं ‘कॉलम व्हील’ म्हणजे उभ्या खांबांचं छोटं चाक. बटण दाबलं की ते एक घर सरकतं. तरफेचं टोक खांबावर चढतं किंवा दोन खांबांच्या फटीत उतरतं, आणि क्रोनोग्राफ सुरू होतो किंवा थांबतो. बोटाला लागणारा तो नेमका, एकसारखा दाब हीच या यंत्राची खूण. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग मोजता येतो. दिनदर्शिकेला २९ फेब्रुवारीही कळतो. २१००पर्यंत तारीख हातानं दुरुस्त करावी लागू नये, अशी तिची रचना आहे. आणि हे सारं बंद झाकणाआड! घालणाऱ्याला एरवी न दिसणाऱ्या जागी इतकी मेहनत घेणं, यालाच मी कारागिरीची नीती म्हणतो.

सोनं मऊ असतं. प्रत्येक पॉलिशबरोबर पट्ट्याच्या कानांची धार बोथट होते, शिक्के पुसट होतात आणि घड्याळाचा आकारच हरवतो. म्हणून जाणकार चकाकीपेक्षा धारेला मोल देतात. तबकडीचंही तसंच. जुन्या तबकड्या नव्यानं रंगवून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यांत एचएमटी, फाव्र-ल्यूबा अशी नावं सर्रास दिसतात. गरजेपोटी घड्याळ चालतं ठेवणाऱ्यांचा त्यात दोष नाही. संग्रहात मात्र रंगवलेली तबकडी म्हणजे पुसलेला पुरावा.

२४९९ आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी असेल. पण आजोबांचं सोन्याचं घड्याळ अनेक घरांत आहे. ते मोडीत देऊ नका, पॉलिश करू नका, तबकडी रंगवू नका. जाणत्या घड्याळजीकडून एकदा उघडून आतलं मशीन पाहा, आणि ते कुणी, कधी घेतलं हे कागदावर लिहून घड्याळासोबत ठेवा.